नॉन-आयबीआर म्हणजे कागद नको? यंत्राचा सेफ्टी नियम आपल्याला लागू आहे का ते कसं शोधायचं

मार्चमध्ये मावसभावाचा फोन आला. "बॉयलर गावलो, अर्ध्या किमतीत, आणि कागदपत्र काय एक नको, नॉन-आयबीआर हा." त्याचं काजूचं युनिट आहे म्हणजे मांगराला (बागेतल्या साध्या घराला) शेड जोडून बी उकडायचा कुकर, चार कटिंगची टेबलं आणि एक बोर्मा (गर सुकवायची भट्टी), एवढंच, पण सीझनला बायका आठ-नऊ असतात. मी विचारलं, "तुका कोणी सांगितल्यान, कागद नको म्हणून?" तर म्हणे विकणाऱ्यान. त्याचा काय जाता सांगूक!

मी स्वतः लोट्याला एका कंपनीत बॉयलरवर होतो बरीच वर्षं, आता घरी आलोय आणि आजूबाजूच्या काजूवाल्यांची, बर्फवाल्यांची, होमस्टेवाल्यांची कागदं बघून देतो, वकील नाही मी, पण हा एकच प्रश्न लोक मला इतक्या वेळा विचारतात की "हां नियम कंपल्सरी हा की नुसतो लिवलेलो हा?" की शेवटी म्हटलं एकदा लिहूनच टाकू कसं शोधायचं ते. उत्तर पाठ करण्यात अर्थ नाही कारण नियम बदलत राहतात, शोधायची रीत तीच राहते.

तर पहिली गोष्ट, यंत्र काय आहे ते यंत्रावरून ठरवा, विकणाऱ्याच्या तोंडावरून नको. प्रत्येक कायद्यात सुरवातीला व्याख्या असतात आणि सगळी गंमत तिथेच असते, विशेषतः "यात समाविष्ट नाही" असं जिथून सुरू होतं तिथे. बॉयलरच्या बाबतीत व्याख्या अशी आहे की ज्या बंद भांड्यात उष्णता देऊन वाफ तयार होते आणि ती वाफ भांड्याच्या बाहेर वापरायची असते ते प्रेशर व्हेसल म्हणजे बॉयलर. मग वगळलेले तीन: क्षमता २५ लिटरपेक्षा कमी असेल, किंवा डिझाईन प्रेशर आणि वर्किंग प्रेशर दोन्ही दर चौरस सेंटीमीटरला १ किलोपेक्षा कमी असेल, किंवा पाणी १०० डिग्रीच्या खालीच तापत असेल. या तिनातलं एक जरी बसलं तरी तो बॉयलर कायद्याचा बॉयलर नाही. बाजारात याला नॉन-आयबीआर म्हणतात, आयबीआर म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५०.

आता २५ लिटर म्हणजे कसले २५ लिटर? दर तासाला किती वाफ देतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही, आणि वरच्या पाण्याच्या टाकीचाही नाही. फीड चेक व्हॉल्व्हपासून (पाणी आत येतं ती झडप) मेन स्टीम स्टॉप व्हॉल्व्हपर्यंत (वाफ बाहेर जाते ती) आत जेवढं पाणी मावेल तेवढी क्षमता. हे वाक्य विकणारे कधी सांगत नाहीत. मी भावाला म्हटलं आपण मोजू. गेलो कुडाळच्या पुढे जिथे तो ठेवला होता तिथे, बॉयलर थंड होता, ब्लो डाऊनचा म्हणजे तळातून पाणी काढायचा कॉक बंद केला, फीडची बाजू बंद केली, वरची सेफ्टी व्हॉल्व्ह खोलली आणि त्या भोकातून नरसाळं लावून १० लिटरच्या बादलीने पाणी ओतायला लागलो. पहिली बादली गेली. दुसरी गेली. विकणारा म्हणाला आता भरेलच. तिसरी पण पूर्ण गेली आणि चौथीतलं अर्ध्याच्या वर गेलं तेव्हा कुठे पाणी तोंडाशी आलं. म्हणजे ३५ च्या वर. प्लेटवर कोरलंय २४. प्लेट पण नवीन चकचकीत, आणि बॉडीवर तीन थर रंग. भाऊ माझ्याकडे बघतोय, मी विकणाऱ्याकडे, आणि तो मोबाईलमध्ये.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जी खोलली तिच्या लिव्हरला तारेने वेढा दिलेला होता, उडू नये म्हणून. तिथेच मी व्यवहार सोडायला सांगितला असता खरं तर, कायदा-बियदा नंतर.

बादलीचा प्रयोग कुणालाही जमतो, पण यंत्र पूर्ण थंड आणि प्रेशर शून्य असतानाच, आणि मालकाच्या समोर. व्हॉल्व्ह खोलायची माहिती नसेल तर जाणता माणूस घेऊन जा. आणि पाणी पूर्ण काढून टाकायला विसरू नका, आत राहिलेलं पाणी गंजवतं.

बरं, यंत्र व्याख्येत बसलं. मग पुढचं काम म्हणजे वरची साखळी पकडणं. तुमच्या हातात जे पुस्तक, पीडीएफ, परिपत्रक, फॉरवर्ड असेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, तुला जन्म कोणी दिला? कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाने कुणाला नियम करायचा अधिकार दिला आणि त्याने तो वापरून हे काढलं का. खरे नियम पहिल्याच परिच्छेदात हे सांगतात, "अमुक कायद्याच्या तमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून" अशी सुरवात असते. ती ओळ सापडली की निम्मं काम झालं. नाही सापडली तर तो कागद कितीही जाडजूड असो, एकटा स्वतःच्या जोरावर तुम्हाला बांधत नाही (मग कशाच्या जोरावर बांधू शकतो ते पुढे येतंय, लगेच खुश होऊ नका).

आयबीआरचंच बघा. लोक म्हणतात ते तर इंजिनियरिंगचं पुस्तक आहे, प्लेटची जाडी, वेल्डिंग, ट्यूब, गेज ग्लास, फॉर्म्युले, त्यात कायदा कुठे? पण ते सेंट्रल बॉयलर्स बोर्डाने १९२३ च्या कायद्यातल्या अधिकाराने केलं, आणि त्याच कायद्यात सरळ लिहिलं होतं की रेग्युलेशन्स राजपत्रात प्रसिद्ध झाली की ती जणू या कायद्यातच लिहिलेली आहेत असं समजायचं. म्हणजे जाडीचा फॉर्म्युला पण कायदा. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे बसवायची तो पण कायदा. त्यामुळे व्हॉल्व्ह बदलताना बाजारातून साधी आणली आणि सोबत मेकरचं थ्री-सी सर्टिफिकेट (व्हॉल्व्ह बनवून तपासल्याचा फॉर्म) नाही तर इन्स्पेक्टर ती काढायला लावतो, त्यात त्याची खुन्नस वगैरे काही नसते.

आता कुठल्या यंत्राची साखळी कुठे जाते. आपल्याकडे जे दिसतं तेवढंच सांगतो.

बॉयलरची साखळी बॉयलर कायद्याकडे जाते, राज्यात बाष्पके संचालनालय बघतं. इथे एक फार मोठा गैरसमज आहे, "आमच्याकडे माणसंच सात, आम्हाला फॅक्टरी कायदा लागत नाही मग बॉयलरचा कसा लागेल". लागतो. बॉयलर कायदा माणसं मोजत नाही, भांडं मोजतो. तुम्ही एकटे असा नाहीतर दोनशे, भांडं २५ लिटरच्या वर आणि प्रेशर १ किलोच्या वर असलं की रजिस्ट्रेशन पाहिजे, चालवायचं चालू सर्टिफिकेट पाहिजे, आणि त्यावर लिहिलेल्या प्रेशरच्या वर चालवायचा नाही. बॉयलर सांभाळणारा माणूस पण राज्याच्या नियमांप्रमाणे सर्टिफिकेटवाला लागतो, भाच्याला बसवून चालत नाही.

गॅस सिलिंडरची साखळी १८८४ च्या स्फोटक कायद्याकडे जाते, हो अठराशे चौऱ्याऐंशी, इंग्रजांचा. त्याखाली गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६, आणि बघणारं ऑफिस पेसो, म्हणजे केंद्राचं पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं खातं, त्याचं मुख्यालय आपल्याच नागपूरला. मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांनो हे तुमच्यासाठी: एलपीजी एका वेळी १०० किलोपर्यंत ठेवायला या नियमांखाली लायसन लागत नाही. १९ किलोच्या कमर्शियल बाटल्या पाच झाल्या तर ९५, सहावी आली की ११४. गणित एवढंच आहे. मे महिन्यात गर्दी असते, गॅसवाला परत कधी येईल भरवसा नसतो म्हणून सहा-सात उतरवून ठेवतात आणि तिथे नकळत लाईन ओलांडली जाते. घरगुती १४.२ ची बाटली खानावळीत लावणं तो तर वेगळाच गुन्हा, त्याचा आदेश वेगळा.

आणि स्कुबावाले! त्या पाठीवरच्या टाक्या पण सिलिंडरच आहेत. नियमांत सिलिंडर म्हणजे ५०० मिलिलिटरपासून १००० लिटरपर्यंतचं भांडं, आत दाबलेली हवा असली म्हणून काय झालं. टाकीच्या खांद्यावर कोरलेलं असतं सगळं, नंबर, टेस्ट प्रेशर, शेवटची टेस्ट कधी झाली. खाऱ्या पाण्यात रोज जाणारी वस्तू आहे, टॉर्च घेऊन वाचा. घरच्या गॅस बाटलीवर पण कड्याखालच्या पट्टीवर असतं, ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्ष. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी २७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत तिची टेस्ट परत व्हायची आहे. तारीख उलटलेली बाटली सरळ परत करायची, हक्काने.

विजेची साखळी २००३ च्या विद्युत कायद्याकडे. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सेफ्टीची रेग्युलेशन्स, आधी २०१० ची होती आता २०२३ ची, आणि बघायला विद्युत निरीक्षक.

गोंधळ होतो तो मधल्या यंत्रांचा. आंब्याचा पल्प करणाऱ्यांकडे रिटॉर्ट असतो, डबे आत ठेवून वाफ सोडतात. हा बॉयलर नाही कारण वाफ त्याच्यात तयार होत नाही, बाहेरून येते. मग मोठ्या प्रेशर टाक्यांचे जे पेसोचे नियम आहेत, स्टॅटिक अँड मोबाईल प्रेशर व्हेसल्सचे, २०१६ चे, त्यात येतो का? तर त्यांच्या व्याख्येत ऑटोक्लेव्ह, वाफेवरचे स्टरिलायझर, एअर रिसीव्हर, हीट एक्स्चेंजर हे नाव घेऊन वगळलेत. म्हणजे दोन्ही दारं बंद. म्हणून एकजण मला म्हणाला, मग मोकळा! मोकळा नाही रे बाबा. तो कारखान्यांच्या कायद्यात प्रेशर प्लांट म्हणून येतो, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ३१ होतं त्याचंच, आणि त्याखालच्या राज्याच्या नियमांत सक्षम (सरकारमान्य) व्यक्तीकडून ठराविक मुदतीत तपासणी. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर ज्या बर्फाच्या फॅक्टऱ्या असतात तिथल्या अमोनियाच्या टाक्यांबद्दल विचारतात तेव्हा पण मी हीच रीत सांगतो, एका कायद्याने वगळलं की पुढचं दार उघडून बघा, शेवटच्या दारापर्यंत.

इथपर्यंत आलात तर आता शब्द. नियम, विनियम, आदेश, परिपत्रक, मानक, मार्गदर्शक सूचना, एसओपी (कामाची ठरवून दिलेली पद्धत). ऐकायला सगळे सारखे, वजन वेगळं. नियम म्हणजे रूल आणि विनियम म्हणजे रेग्युलेशन, हे कायद्याच्या पोटातून येतात आणि राजपत्रात छापून आले की बांधतात. छापून येणं किती महत्त्वाचं तर १९५१ चा सुप्रीम कोर्टाचा हरला विरुद्ध राजस्थान राज्य म्हणून खटला आहे, जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने अफूचा कायदा ठराव करून केला पण लोकांना कळेल असा कुठे प्रसिद्धच केला नाही, हरलाला त्याखाली ५० रुपये दंड झाला, आणि कोर्टाने शिक्षा रद्द केली कारण जो कायदा कोणाला माहीतच होऊ शकत नव्हता त्याखाली शिक्षा कशी देणार. पन्नास रुपयांसाठी माणूस दिल्लीपर्यंत गेला, मला हे फार आवडतं.

पण याचा अर्थ "मला माहीत नव्हतं" चालतं असा नाही हां. छापलं होतं, तुम्ही वाचलं नाही, तर दोष तुमचा. राजपत्र ऑनलाईन फुकट मिळतं, केंद्राचं वेगळं आणि महाराष्ट्र शासनाचं वेगळं. व्हॉट्सॲपवर जी पीडीएफ फिरते त्यात आधी बघा "मसुदा" शब्द आहे का, "हरकती व सूचना" मागवल्यात का. असतील तर तो अजून नियम झालेला नाही, हरकती मागवायलाच तो छापलेला असतो. आमच्याकडे एका ग्रुपवर मसुद्याचीच पीडीएफ "आजपासून लागू" म्हणून आली आणि दोघा-तिघांनी घाबरून कन्सल्टंटला ॲडव्हान्स देऊन टाकला.

परिपत्रक म्हणजे साहेबांनी आपल्या ऑफिसला किंवा सगळ्यांना लिहिलेलं पत्र. ते नियमाचा अर्थ सांगू शकतं, मुदत आठवण करून देऊ शकतं, पण नियमात नसलेलं नवीन बंधन आणि दंड ते स्वतःहून तयार करू शकत नाही. फक्त एक बघा की तुमच्या लायसनच्या मागे छापलेल्या अटीत "वेळोवेळी दिलेल्या सूचना पाळणे" अशी ओळ आहे का, असली तर मग तो युक्तिवाद पातळ होतो.

मानक म्हणजे आयएस (इंडियन स्टँडर्ड), बीआयएसने म्हणजे भारतीय मानक ब्युरोने काढलेलं. इथे सगळ्यात जास्त वाद. आयएस स्वतः ऐच्छिक असतं, त्यावर सही करून तुम्ही काही कबूल केलेलं नसतं. ते बंधनकारक होतं तीन वाटांनी. एक, एखादा नियम त्याचं नाव घेतो आणि म्हणतो याप्रमाणेच करा. दोन, केंद्र सरकार २०१६ च्या बीआयएस कायद्याच्या कलम १६ खाली क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढतं, मग त्या वस्तूवर आयएसआय मार्क नसेल तर बनवणं, विकणं, आयात करणं बंद. घरातला प्रेशर कुकर घ्या, त्याचं आयएस २३४७ पहिल्यापासून होतं पण कंपल्सरी झालं ते २०२० च्या ऑर्डरने. वस्तू तीच, मानक तेच, मधे एक ऑर्डर आली आणि कायदेशीर वजन बदललं. आणि तीन, करार. बँकेच्या कर्जात, इन्शुरन्सच्या पॉलिसीत, एक्सपोर्ट पार्टीच्या ऑर्डरमध्ये "संबंधित भारतीय मानकांनुसार" अशी ओळ असते आणि आपण सही करतो न वाचता. सरकार तुम्हाला त्यासाठी पकडणार नाही, पण क्लेम करायला गेलात की सर्व्हेअर तीच ओळ काढतो.

नियम आणि मानक कसे हातात हात घालून चालतात ते अर्थिंगवरून कळतं. अर्थिंग पाहिजे हे विजेची रेग्युलेशन्स सांगतात, ते बंधन. ते कसं करायचं, खड्डा, इलेक्ट्रोड, मोजणी, हे आयएस ३०४३ मध्ये तपशिलात आहे. आता आपल्याकडे कातळ. जांभ्यात दोन फुटावर पहार बसत नाही आणि एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी सुकते की पावसाळ्यात छान आलेलं रीडिंग उन्हाळ्यात कुठल्या कुठे जातं. वायरमन म्हणतो "सरकारी नियमात खड्डा इतकाच लिहिलाय". तसं नसतं, नियमाला परिणाम पाहिजे, फॉल्ट आला तर करंट जमिनीत गेला पाहिजे आणि सप्लाय तुटला पाहिजे. म्हणून आमच्याकडे रीडिंग मे महिन्यात घ्या, ऑगस्टमध्ये घेऊन फाईलला लावण्यात काही मजा नाही.

मानक वाचताना इंग्रजीतले दोन शब्द सांभाळा, शॅल आणि शुड. शॅल म्हणजे केलंच पाहिजे, शुड म्हणजे केलेलं बरं. मराठी भाषांतरात दोन्हीला "करावे" टाकलेलं असतं कधी कधी आणि मग सगळं सारखं दिसतं, त्यामुळे शंका आली तर इंग्रजी मूळ उघडा. आयएसच्या पीडीएफ बीआयएसच्या साईटवर नाव नोंदवून फुकट उतरवता येतात, झेरॉक्सवाल्याकडून शंभर पानं विकत घ्यायची गरज नाही.

मग पुढचा प्रश्न, आज चालू आहे का? हा प्रश्न सध्या फार महत्त्वाचा झालाय कारण जुनं बरंच गेलं. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा बॉयलर्स ॲक्ट आला. त्यात सगळ्याच चुकांना जेल नाही ठेवलेली, जिवावर बेतणारे चार मोठे गुन्हे तेवढे फौजदारी राहिले, त्यांना दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, बाकीच्यांना पैशाचा दंड. हे आलं तसं काही लोक म्हणायला लागले मूळ कायदाच गेला तर आयबीआर पण गेलं. नाही गेलं. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणून एक आहे, त्याचं कलम २४ सांगतं की कायदा रद्द होऊन परत नव्याने केला तर जुन्याखालचे नियम, आदेश, अधिसूचना नव्याशी विसंगत नसतील तोवर नव्याखालीच केलेत असं समजून चालू राहतात. आई बदलली तरी पोरं त्याच घरात.

तसंच २१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी कायदा जाऊन व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता आली. कारखाना कोणाला म्हणायचं तो आकडा वीज वापरणाऱ्यांसाठी १० कामगारांवरून २० वर गेला, वीज न वापरणाऱ्यांसाठी २० चा ४०. आपल्याकडच्या बऱ्याच काजू युनिटना यामुळे "फॅक्टरी" या व्याख्येतून सुटल्यासारखं वाटतंय. संहितेत पण मेख आहे, धोकादायक काम असेल तर सरकार अधिसूचना काढून एक कामगार असलेल्या ठिकाणालाही ती लावू शकतं. आणि बॉयलरचं वर सांगितलंच, तिथे माणसं मोजतच नाहीत.

आता जे मघाशी म्हटलं, लगेच खुश होऊ नका, ते. समजा तुम्ही सगळं शोधलंत आणि खरंच निघालं की हे मानक तुम्हाला बंधनकारक नाही, किंवा भांडं खरंच २२ लिटरचं आहे. रोजच्या दिवशी कोणी तुम्हाला विचारायला येणार नाही. पण वाफ फुटून बाई भाजली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८९ आहे, आपल्या ताब्यातल्या यंत्रापासून होऊ शकणाऱ्या धोक्याची पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात लिटर नाहीत, कामगारांचा आकडा नाही, आयबीआर नॉन-आयबीआर नाही. माणूस गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. आणि "पुरेशी काळजी" म्हणजे काय हे कोर्टात कशावरून ठरवणार? एक्स्पर्ट उभा राहणार आणि तेच ऐच्छिक मानक उघडून दाखवणार की या धंद्यात शहाणी माणसं एवढं करतात, याने केलं नाही. अमोनियासाठी आयएस ४५४४ आहे, सेफ्टीचं, बर्फवाल्याने ते कधी उघडलं नसलं तरी त्या दिवशी ते टेबलावर येणारच. मोठ्या केमिकलवाल्यांना तर काळजी घेतली होती हे सांगूनही सुटका नाही, डिसेंबर १९८५ च्या दिल्लीतल्या ओलियम (तीव्र गंधकाम्ल) गळतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की घातक धंदा करणाऱ्याची नुकसानभरपाईची जबाबदारी संपूर्ण, अपवाद नाही. हे खेड-महाडच्या एमआयडीसीवाल्यांना माहीत आहे, आपल्या मांगरातल्यांना नाही.

म्हणून माझी स्वतःची रीत अशी की बंधनकारक काय ते कागदासाठी शोधतो आणि काम मात्र मानक बघून करतो, पैशाला परवडेल तेवढं.

अपघात झालाच तर, बॉयलर किंवा स्टीम पाईप फुटला तर, २४ तासांत लेखी कळवायचं असतं आणि जखमी माणसाला काढण्यापुरतं सोडून काही हलवायचं नाही. लोक आधी शेड झाडून घेतात, मग सांगतात. ते अंगाशी येतं.

एवढं करूनही कळलं नाही तर विचारायचं कसं. साहेबाला फोनवर "कंपल्सरी हा काय?" विचारलं तर तो "हो" म्हणणारच, त्यालाही धोका नको असतो. लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज, महाराष्ट्रात जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. आणि अर्जात "हा नियम मला लागू आहे का" असं लिहू नका, तो सल्ला झाला, माहिती नाही, परत येतो. असं लिहा: अमुक ते तमुक लिटर क्षमतेच्या, इतक्या प्रेशरच्या यंत्राच्या तपासणीसाठी आपले कार्यालय ज्या कायद्याचे कलम, नियम क्रमांक व राजपत्र दिनांक यांचा आधार घेते त्याची प्रत मिळावी. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मी दोनदा केलंय, एकदा नुसता सेक्शन नंबर आला आणि एकदा चक्क अख्ख्या अधिसूचनेची झेरॉक्स आली, पानं वाकडी पण वाचता येत होती.

भावाचं पुढे काय झालं ते पण सांगतो नाहीतर विचाराल. तो बॉयलर नाही घेतला, दिलेला ॲडव्हान्स निम्माच परत मिळाला. मेमध्ये शेजारच्या गावातल्या एका रजिस्टर्ड युनिटमध्ये बी उकडून आणली टेम्पोने, भाडं जड गेलं. आता दिवाळीच्या सुमाराला नवीन घेतलाय, मेकरचा फॉर्म तीन (त्याचं बनावटीचं सर्टिफिकेट) आणि बनताना तपासल्याचा फॉर्म दोन बघूनच पैसे दिले, आणि रजिस्ट्रेशन नंबर बॉडीवर ठोकून झाला की चालवायचं सर्टिफिकेट. मूळ कागद त्याने शेडमध्ये ठेवले होते खिळ्याला अडकवून, मी उतरवायला लावले, आपल्याकडे जूनमध्ये भिंत पाझरते आणि शाई पसरते, बॉयलरजवळ लॅमिनेट केलेली झेरॉक्स लावा आणि मूळ घरात तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर, चुलीच्या बाजूला, तिथे कोरडं राहतं.